देहभर एकच चित्र : जपानी होरिमोनोची घडण

मानेखालपासून मनगटापर्यंत आणि खाली मांड्या-पोटऱ्यांपर्यंत अंग व्यापणाऱ्या जपानी गोंदणाला होरिमोनो म्हणतात. अंगभर गोंदून घेण्याच्या परंपरा आणखीही आहेत. सामोआ आणि मार्केसस बेटांवरच्या तर फार जुन्या. पण तिथे अंग भौमितिक नक्षीने भरते. सगळा देह एकच चित्रफलक मानायचा, त्यावर एक कथा किंवा एक देवता मांडायची, भोवती वारा-पाणी-ढगांची एकसंध पार्श्वभूमी धरायची आणि चित्र नेमके कुठे थांबेल ते आधीच ठरवायचे, ही पद्धत अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, पक्की झाली. ती घडवणारे लोक दरबारी कलावंत नव्हते. आग विझवणारे, पालख्या वाहणारे, टपाल घेऊन धावणारे, सुतार आणि बांबूचे पहाड बांधणारे असे हे लोक होते. त्यांच्या अंगावरचे तोकडे कपडे आणि सरकारची वारंवार येणारी बंदी, या दोन गोष्टींनी या चित्राचा आराखडा ठरवला, आणि तो आजही फारसा बदललेला नाही.

जपानी बेटांवर गोंदण त्याच्या कितीतरी आधीपासून होते. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या चिनी इतिहासग्रंथात ‘वा’ देशाच्या, म्हणजे जपानच्या, लोकांचे वर्णन आहे. तिथले लहानथोर सगळे पुरुष चेहरा आणि अंग गोंदतात, पाण्यात बुडी मारणाऱ्या कोळ्यांना मोठ्या माशांपासून रक्षण हवे म्हणून ही चाल पडली आणि पुढे ती शोभेची झाली, असे त्यात म्हटले आहे. नंतरच्या काळात मात्र गोंदणाची प्रतिष्ठा गेली. 720 साली पूर्ण झालेल्या ‘निहोन शोकी’ या बखरीत बंडाचा आरोप असलेल्या एका सरदाराला मृत्युदंडाऐवजी चेहऱ्यावर गोंदण्याची शिक्षा दिल्याचा उल्लेख येतो. उत्तरेकडच्या आइनू स्त्रियांचे ओठांभोवतीचे गोंदण आणि दक्षिणेकडच्या र्‍यूक्यू बेटांवरच्या स्त्रियांचे हातांवरचे गोंदण या वेगळ्या परंपरा आहेत. होरिमोनोचे मूळ त्यांत नाही.

ते सापडते सतराव्या शतकातल्या शहरी जीवनात. कलावंतिणींच्या वस्त्यांत प्रियकर आणि प्रेयसी शपथेची खूण म्हणून हातावर तिळासारखा ठिपका गोंदून घेत; पुढे दंडावर प्रिय व्यक्तीचे नाव आणि त्याखाली ‘जीव’ या अर्थाचे अक्षर येऊ लागले. त्यानंतर दुसऱ्या टोकाला, 1720 मध्ये, शोगुन तोकुगावा योशिमुनेच्या राजवटीत नाक-कान कापण्याच्या शिक्षेऐवजी गोंदणाची शिक्षा सुरू झाली. एदोत चोरी करणाऱ्याच्या डाव्या हातावर कोपराखाली दोन पट्टे काढले जात. इतर प्रांतांत खुणा वेगळ्या होत्या, काही ठिकाणी थेट कपाळावर. गुन्ह्याची खूण आणि हौसेचे चित्र ही दोन्ही एकाच काळात, एकाच शहरात, एकाच प्रकारच्या सुयांनी कातडीवर उमटत होती. अंगावरचे पट्टे झाकण्यासाठी काहींनी त्यांवर मोठी चित्रे काढून घेतली, असेही सांगितले जाते. गोंदणाविषयी जपानी समाजाच्या मनात जी ओढाताण पुढे तीनशे वर्षे टिकली, तिची सुरुवात इथेच झाली.

अठराव्या शतकात एदोची वस्ती दहा लाखांच्या घरात गेली होती. लाकूड आणि कागदाच्या घरांचे हे शहर वारंवार जळत असे. 1657 च्या आगीत लाखाच्या आसपास माणसे दगावली, असे मानले जाते. 1718 मध्ये शहरवासीयांची अग्निशामक पथके उभारण्याचा हुकूम निघाला आणि 1720 मध्ये त्यांची जपानी बाराखडीच्या अक्षरांवरून नावे दिलेल्या पथकांत फेररचना झाली. या पथकांत मुख्य भरणा तोबी लोकांचा, म्हणजे उंच पहाडांवर चढून बांधकाम करणाऱ्यांचा होता. त्या काळी आग विझवण्याचा खरा उपाय पाणी नव्हता. आगीच्या वाटेतली घरे लांब आकड्यांनी ओढून पाडणे हा होता. म्हणून घर कसे उभे राहते हे जाणणारा माणूसच ते वेळेत पाडू शके. हे लोक अनेक पदरी शिवलेले सुती जाड अंगरखे पाण्यात भिजवून घालत. अंगरख्याची बाहेरची बाजू साधी असे आणि आतल्या बाजूला ड्रॅगन, वाघ किंवा एखादा शूर योद्धा रंगवलेला असे. आग आटोक्यात आली की अंगरखा उलटा करून घालत आणि त्या वेशात मिरवत परतत. या लोकांचे गोंदण याच रिवाजाचे भावंड होते, कारण चित्र कपड्याच्या आत आणि ते दाखवायचे तेव्हा दाखवायचे. ड्रॅगन पाण्याचा स्वामी मानला जाई, म्हणून आगीत शिरणाऱ्या माणसाच्या पाठीवर तो विशेष शोभे.

इतक्या मोठ्या चित्रांना विषय आणि ऐट मिळाली ती एका पुस्तकातून. ‘शुइहू चुआन’ ही चिनी कादंबरी जपानीत ‘सुइकोदेन’ या नावाने अठराव्या शतकात आली. भ्रष्ट अधिकाऱ्यांविरुद्ध दलदलीच्या आश्रयाने लढणाऱ्या 108 बंडखोरांची ही कथा एदोतल्या सामान्य माणसाला फार आपली वाटली. तलवार बाळगण्याचा अधिकार सामुराईंचा. तिथे सत्तेशी लढणाऱ्या शूरांची गोष्ट ऐकायला श्रोता तयारच होता. 1805 पासून क्योकुतेई बाकिनच्या लेखणीतून आणि होकुसाईच्या चित्रांसह तिची नवी आवृत्ती निघू लागली. पण खरा भडका उडवला उतागावा कुनियोशीने. रेशीम रंगवणाऱ्याच्या या मुलाने 1827 च्या सुमारास सुइकोदेनच्या वीरांची एकेकाची लाकडी ठशांची रंगीत चित्रे काढायला सुरुवात केली. मूळ कादंबरीत अंग गोंदलेले वीर मोजके आहेत: नऊ ड्रॅगन गोंदलेला शिशिन, फुलांनी अंग भरलेला भिक्षू रोचिशिन आणि आणखी काही. कुनियोशीने इतरही कित्येकांच्या अंगावर पाठभर, दंडभर चित्रे चढवली. स्नायूंच्या उंचवट्यांवरून वळणारे साप, खांद्यावर चढलेले सिंह, पाठीवर फुटणाऱ्या लाटा त्याने अशा काढल्या की चित्र अंगावर चिकटवल्यासारखे न वाटता अंगातून उमटल्यासारखे वाटावे. ही चित्रे स्वस्त होती, हातोहात खपली आणि लोक ती गोंदणाऱ्याकडे घेऊन जाऊ लागले. सुइकोदेनचे वीर आजही पाठीवर येतात. पाण्यातला लोखंडी दरवाजा फोडून घुसणारा चोजुन त्यांतला फार लाडका. त्या वीराच्या अंगावरही गोंदण दाखवतात, म्हणजे गोंदणात गोंदण.

अशा चित्राची आखणी हा होरिमोनोचा गाभा आहे. ती नेहमी पाठीपासून सुरू होते. मानेच्या मुळापासून नितंबांच्या खाली, मांडीच्या वरच्या भागापर्यंतचा सगळा पट्टा मुख्य विषयासाठी राखलेला असतो. देवता, वीर, ड्रॅगन किंवा मासा, जे काही असेल त्याची मध्यरेषा कण्यावर धरतात. तिथून चित्र खांद्यांवरून पुढे येते आणि छातीच्या दोन्ही बाजूंना एकेक अर्धगोल भरून दंडांत उतरते. दंडावर ते कुठे थांबवायचे याची ठरलेली मापे आहेत: कोपराच्या वर थांबणारे ‘गोबू’, कोपराखाली हाताच्या मध्यापर्यंत जाणारे ‘शिचिबू’ आणि मनगटापर्यंत पोचणारे पूर्ण. पायांवरही तसेच, मांडीपुरते, गुडघ्यापर्यंत किंवा घोट्यापर्यंत. पुढच्या बाजूला, छातीपासून बेंबीखालपर्यंत, कोऱ्या कातडीचा उभा पट्टा सोडण्याच्या पद्धतीला ‘मुनेवारी’ म्हणतात. समोरून सैल उघडा राहणारा अंगरखा घातला तर त्या फटीतून फक्त कोरी कातडी दिसते. शिचिबू बाहीसुद्धा अंगरख्याच्या बाहीत लपते. पुढचा भागही न सोडता सगळे भरले, तर त्याला ‘दोंबुरी’ म्हणतात आणि ते धारिष्ट्याचे मानले जाते. कपड्याच्या शिवणीवरून चित्राची हद्द ठरवण्याचा इतका काटेकोर विचार दुसऱ्या कुठल्याही गोंदण-परंपरेत क्वचितच दिसेल.

हद्द ठरली तरी कड कशी काढायची हा प्रश्न उरतोच, कारण रंगलेली आणि कोरी कातडी जिथे भेटते तिथेच कारागिराचा हात कळतो. सरळ कापल्यासारखी कड, पिओनी फुलाच्या पाकळ्यांसारखी गोलगोल कड, पाइनच्या सुयांसारखी टोकदार कड आणि पहाटेच्या उजेडासारखी हळूहळू विरत जाणारी कड हे तिचे प्रमुख प्रकार आहेत. पार्श्वभूमीला ‘गाकुबोरी’ म्हणतात. काळ्या शाईच्या छटांनी काढलेले वाऱ्याचे पट्टे, लाटा, खडक, ढग हे तिचे घटक. मुख्य आकृती पाठीवर, दुय्यम आकृती दंडांवर आणि मांड्यांवर असल्या तरी हा काळा वारा सगळीकडून वाहत जातो आणि अंगावरच्या तुकड्यांचे एक चित्र होते. अनुभवी होरिशी, म्हणजे गोंदणकार, पार्श्वभूमीवरच अधिक वेळ घालवतो असे म्हटले तर चूक नाही. रंगीत फूल कुणालाही दिसते, पण ते ज्या काळ्यावर उठून दिसते तो काळा साधणे अवघड.

विषय निवडतानाही मनमानी चालत नाही. चेरीचा फुलोरा वसंताचा, मेपलची लाल पाने शरदाची. जाणते होरिशी एका चित्रात ऋतूंची सरमिसळ टाळतात. सिंहाबरोबर पिओनी, वाघाबरोबर बांबू, धबधबा चढणाऱ्या कोई माशाबरोबर पाणी आणि पाने अशा जोड्या ठरलेल्या आहेत. धबधबा चढून गेलेला मासा ड्रॅगन होतो या चिनी दंतकथेमुळे हा मासा चिकाटीचे प्रतीक झाला. देवतांमध्ये फुदो म्योओ सर्वांत लोकप्रिय: हातात तलवार आणि दोर, मागे ज्वाळा, चेहरा उग्र. हा मूळचा संस्कृत परंपरेतला अचल. वज्रयान बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे नवव्या शतकात जपानला गेला. वीणेसारखे वाद्य घेतलेली बेंझाइतेन म्हणजे सरस्वती. तीही अनेकांच्या पाठीवर असते. देवतेबरोबर तिचे बीजाक्षर सिद्धम् लिपीत गोंदण्याचीही चाल आहे. ही लिपी नागरीची जुनी नातलग असल्याने या अक्षरांचे वळण मराठी वाचकाला ओळखीचे वाटू शकते.

प्रत्यक्ष गोंदण वर्षानुवर्षे चालते. ठरवाठरवी झाली की होरिशी कागदावर कच्चा आराखडा काढतो. जुन्या पद्धतीत तो थेट कातडीवरच कुंचल्याने रेषा मारत असे. मग येते ‘सुजिबोरी’, म्हणजे बाह्यरेषा. ती बहुधा आधी पूर्ण पाठीची करतात, मग छटा आणि शेवटी रंग. माणूस आठवड्यातून एकदा येतो, तासा-दोन तासांची बैठक होते, तेवढा भाग बरा होईपर्यंत पुढच्या खेपेला दुसरा भाग घेतात. नुसत्या पाठीला वर्षभर किंवा अधिक लागते. सगळे अंग पुरे व्हायला तीन ते पाच वर्षे सहज जातात. बरगड्या, काखा, गुडघ्यामागची लवण आणि नितंब हे सर्वांत दुखरे भाग. पैसे संपले किंवा सोसवेना म्हणून नुसत्या रेषांवर थांबलेल्या पाठी जपानमध्ये कमी नाहीत, आणि अर्धवट पाठ ही वागवणाऱ्याला नामुष्कीच वाटते. म्हणून जाणता होरिशी नवख्याला थेट अंगभर काम सुरू करू देत नाही. आधी त्याची तयारी जोखतो.

हाताने गोंदण्याच्या पद्धतीला ‘तेबोरी’ म्हणतात. बांबूच्या किंवा लाकडाच्या लांब दांड्याच्या टोकाला सुयांची रांग रेशमी दोऱ्याने बांधलेली असते. रेषेसाठी मोजक्या, छटेसाठी डझनावारी. ग्राहक चटईवर आडवा होतो, होरिशी शेजारी गुडघे मोडून बसतो. डाव्या हाताने तो कातडी ताणतो आणि त्याच हाताच्या बोटांत शाईचा कुंचला धरतो. उजव्या हातातला दांडा डाव्या अंगठ्यावर टेकवून सुया तिरक्या रोवत आणि उचलत जातो. लयीत काम करणाऱ्या हातातून एकसारखा बारीक आवाज येत राहतो. शाई तीच, जी सुलेखनासाठी काजळीपासून बनते. कातडीखाली गेली की ती निळसर दिसते. लाल रंग जुन्या काळी हिंगुळाचा, म्हणजे पाऱ्याच्या संयुगाचा असे. तो अंगाला सोसत नसे. त्याने ताप येई, म्हणून एका बैठकीत थोडाच भरत. सुया निर्जंतुक न करण्याच्या काळात कावीळ पसरवण्यात या धंद्याचाही वाटा होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस एकदाच वापरायच्या सुया रूढ झाल्या.

हे काम शिकण्याची पारंपरिक वाट गुरूच्या घरातूनच जाते. शिष्य कित्येक वर्षे गुरूकडे राहतो, झाडलोट करतो, सुया बांधतो, शाई उगाळतो, चित्रे गिरवतो आणि पहिले टोचे स्वतःच्या मांडीवर मारतो. तयार झाला की गुरू त्याला ‘होरि’ने सुरू होणारे नाव देतो. नामांकित घराण्यांत तेच नाव पुढच्या पिढीकडे जाते.

सरकार या सगळ्याकडे नाराजीने पाहत होते. 1811 मध्ये आणि पुन्हा 1842 च्या तेंपो सुधारणांच्या वेळी गोंदणावर बंदी आली. शहरातल्या मोकळेपणाला आळा घालणे हा या सुधारणांचा एक हेतू होता. लोकांनी मात्र बंदी फारशी मनावर घेतली नाही; 1862 मध्ये कावाताके मोकुआमीच्या काबुकी नाटकात स्त्रीवेशातला चोर बेंतेन कोझो खांदा उघडा टाकून आपले गोंदण दाखवतो, तो प्रसंग आजही रंगभूमीवर टाळ्या घेतो. याच दशकात योकोहामात आलेल्या फेलिचे बेआतो या छायाचित्रकाराने घोड्यांपुढे धावणाऱ्या गोंदलेल्या मोतद्दारांची छायाचित्रे टिपली. अंगभर होरिमोनोच्या सर्वांत जुन्या प्रत्यक्ष पुराव्यांपैकी म्हणून ती मोलाची आहेत.

शोगुनांची सत्ता जाऊन आलेल्या मेइजी सरकारची बंदी अधिक कडक होती. पाश्चात्त्यांपुढे देश सुधारलेला दिसावा या चिंतेतून 1872 मध्ये गोंदणे आणि गोंदवून घेणे दोन्ही दंडनीय झाले. त्याआधीच्या वर्षी आइनू स्त्रियांचे गोंदणही बंद करण्यात आले होते. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की ज्यांच्यासमोर लाज वाटत होती त्यांनाच ही कला सर्वाधिक आवडली. बंदरांत परदेशी गिऱ्हाइकांसाठी काम चालू राहिले. 1881 मध्ये पुढे पाचवा जॉर्ज म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या राजपुत्राने जपानमध्ये दंडावर ड्रॅगन गोंदवून घेतला आणि 1891 मध्ये रशियाच्या युवराज निकोलासने नागासाकीत तेच केले. जपानी माणसाला मात्र आपल्याच देशात लपून काम करून घ्यावे लागे. त्यामुळे चित्र कपड्याखाली झाकून ठेवण्याची सवय आणखी घट्ट झाली.

बंदीच्या काळात ही कला जपली तोक्योच्या कांदा भागातल्या कारागिरांनी आणि त्यांच्या गिऱ्हाइकांनी. होरिउनो या नावाने प्रसिद्ध असलेल्या होरिशीचे गिऱ्हाईक पहाड बांधणारे, सुतार आणि कारागीरच होते. अंग गोंदलेल्यांच्या मंडळाची ओयामा डोंगरावरच्या देवस्थानाची यात्रा प्रसिद्ध झाली. तिथे ही सारी मंडळी धबधब्याखाली उभी राहत. साहित्यातही गोंदण आले. जुनिचिरो तानिझाकीची 1910 मधली ‘शिसेई’ ही कथा गोंदणकाराविषयीच आहे. आणि वैद्यकशास्त्राने त्याची दखल घेतली ती फुकुशी मासाइची यांच्यामुळे. या विकृतिशास्त्रज्ञाने गोंदण आणि कातडी यांचा अभ्यास करता करता गोंदणाऱ्यांशी आणि गोंदलेल्यांशी स्नेह जोडला. मृत्यूनंतर कातडी अभ्यासासाठी देण्याचे वचन देणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे पैसे नव्हते, त्यांचे अर्धवट काम त्यांनी स्वतः खर्च करून पुरे करवून घेतले. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात त्यांच्या नोंदी आणि छायाचित्रे मोठ्या प्रमाणात नष्ट झाली, पण जतन केलेली शंभराच्या वर कातडी तोक्यो विद्यापीठाच्या संग्रहात आजही आहेत. एरवी माणसाबरोबर संपणाऱ्या कलेचे एवढे अस्सल दप्तर दुसरीकडे नाही.

1948 मध्ये अमेरिकी ताब्याच्या काळात बंदी उठली, पण बदनामी उठली नाही. जुगारी आणि फेरीवाल्यांच्या जुन्या टोळ्यांतून वाढलेल्या याकुझा संघटनांत अंगभर गोंदण ही सोशिकतेची आणि परत न फिरण्याची खूण ठरली होती. 1960 च्या दशकातल्या तोएई कंपनीच्या गुंडपटांनी ते समीकरण घरोघरी पोचवले. सार्वजनिक स्नानगृहांच्या दारावर गोंदलेल्यांना मज्जावाच्या पाट्या लागल्या. 2015 मध्ये जपानच्या पर्यटन खात्याने केलेल्या पाहणीत सुमारे 56 टक्के स्नानगृहे आणि हॉटेलांनी अशा पाहुण्यांना प्रवेश नाकारत असल्याचे सांगितले. तोबी आणि सुतारांच्या पाठीवरची कला गुन्हेगारांची ठरवली गेली, हा तिच्यावरचा मोठा अन्याय आहे. तोक्योतल्या आसाकुसाच्या सांजा उत्सवात पालखी वाहणाऱ्यांच्या उघड्या पाठी पाहिल्या, की तिचे मूळ कुठे आहे ते कळते.

देशात अशी अडचण असताना बाहेर तिचा आदर वाढत गेला. होनोलुलूचा गोंदणकार नॉर्मन कॉलिन्स, खलाशांचा ‘सेलर जेरी’, जपानमधल्या गिफूच्या होरिहिदे या होरिशीशी पत्रव्यवहार करत असे. 1973 मध्ये अमेरिकी चित्रकार डॉन एड हार्डी गिफूला जाऊन होरिहिदेकडे काही महिने राहिला; परतल्यावर 1974 मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोत आधी वेळ ठरवून, त्या माणसासाठीच आखलेले मोठे काम करणारा स्टुडिओ काढला. भिंतीवरच्या नमुन्यांतून चित्र निवडण्याच्या पाश्चात्त्य सवयीला त्याने दिलेला हा पर्याय थेट जपानी आखणीतून आलेला होता. योकोहामाच्या तिसऱ्या होरियोशीने, 1946 मध्ये जन्मलेल्या या उस्तादाने, जुनी चित्रसंपदा ग्रंथांतून प्रसिद्ध केली आणि रेषांसाठी विजेचे यंत्र स्वीकारूनही छटा हातानेच भरण्याचा आग्रह धरला. अनेक जपानी होरिशींची आजची विभागणी अशीच आहे.

कायद्याचा शेवटचा मोठा पेच एकविसाव्या शतकात उभा राहिला. 2001 मध्ये आरोग्य खात्याने सुईने कातडीत रंग भरणे हे वैद्यकीय कृत्य आहे, असे परिपत्रक काढले. त्याआधारे 2015 मध्ये ओसाकातल्या एका तरुण कारागिरावर वैद्यकीय परवाना नसल्याबद्दल खटला भरण्यात आला. तो दंड भरून मोकळा झाला नाही, न्यायालयात लढला. 2017 मध्ये ओसाकाच्या जिल्हा न्यायालयाने त्याला दीड लाख येनचा दंड ठोठावला, 2018 मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले आणि सप्टेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम केली. गोंदणाला वैद्यकशास्त्राहून वेगळे, चित्रकलेचे ज्ञान आणि कौशल्य लागते, आणि ते फार पूर्वीपासून डॉक्टर नसलेल्यांनीच केले आहे, असे न्यायालयाने म्हटले. तेव्हापासून होरिशीचा व्यवसाय जपानमध्ये डॉक्टरी परवान्याविना कायदेशीर आहे.